गुडघ्याची किंमत ठरली. मूत्रपिंडाची कोण ठरविणार?

१६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरात असलेल्या कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूच्या गुडघ्याची सरासरी किंमत तोवर सुमारे १,५८,००० रुपये होती. ती कर वगळता ५४,७२० रुपयांवर आणण्यात आली. जे सांधेरोपण मूठभर धनिकांची मिरासदारी होते, ते मध्यमवर्गीयांच्या आणि काही अंशी कनिष्ठ मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आले. निवृत्तिवेतनावर जगणारा शिक्षक, एस.टी.चा निवृत्त वाहक, आयुष्यभर जमिनीवर बसून भाकऱ्या थापणारी गृहिणी अशी माणसे आज निर्धाराने शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात आणि बहुतेकजण बऱ्यापैकी चालू लागतात. या निर्णयाचे स्वागत झाले ते योग्यच झाले.

परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला एक जुनी खोड असते. एखाद्या वस्तूची किंमत खाली आली असे ऐकले की त्या व्यवहारातील कोणता खर्च हिशेबाबाहेर राहिला, हे तो आधी शोधू लागतो. गुडघ्याच्या व्यवहारात धातूची किंमत मोजली गेली, खाटेचे भाडे मोजले गेले, शल्यविशारदाचे आणि भूलतज्ज्ञाचे शुल्क मोजले गेले. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या दोन-चार रुपयांच्या गोळीचा भार मात्र शरीरातील एका मूक अवयवावर पडतो आणि तो कोणाच्याही बिलात दिसत नाही. तो अवयव म्हणजे मूत्रपिंड होय.

स्वस्त गोळीचा महाग व्यवहार

वेदनाशामक गोळी नेमके काय करते, हे समजून घेतल्याखेरीज पुढील विवेचन समजणार नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्झिब ही सारी एकाच कुळातील औषधे. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सूज आणि वेदना यांच्या निर्मितीत त्यांचा मोठा वाटा असतो. ॲस्पिरिन आणि तिच्या कुळातील औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. वेदना शमते ती या मार्गाने. परंतु निसर्गाने याच द्रव्यांकडे आणखी एक काम सोपविले आहे. शरीरातील पाणी कमी झाले, रक्तदाब उतरला किंवा रक्तस्राव झाला, की मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी रुंद ठेवून त्याचा रक्तपुरवठा सावरण्याचे काम तीच करतात. म्हणजे संकटकाळी मूत्रपिंडाला ज्याचा आधार, तोच आधार ही गोळी काढून घेते. जठराला कमी त्रास देणारी म्हणून जी नवी औषधे आली, तीही मूत्रपिंडाच्या बाबतीत अधिक दयाळू नाहीत.

तरुण, धडधाकट माणसाने दाताच्या दुखण्यासाठी दोन दिवस अशी गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. सांधेरोपणाचा रुग्ण मात्र या वर्णनात बसत नाही. त्याचे वय बहुधा साठीच्या पुढचे असते. शस्त्रक्रियेपूर्वी त्याला उपाशी ठेवलेले असते; शस्त्रक्रियेत रक्त जाते; भुलीमुळे रक्तदाब काही काळ उतरतो; दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले असतील तर हा ताण आणखी वाढतो. काही प्रतिजैविकेही मूत्रपिंडाला जड जातात. त्यात अनेक रुग्णांना मधुमेह आणि रक्तदाब हे जुने सोबती. रक्तदाबासाठी आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या एका गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढविणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी दोन औषधे एकत्र असतात. या दोहोंत वेदनाशामकाची भर पडली की मूत्रपिंडावर एकाच वेळी तीन बाजूंनी दाब येतो. वैद्यकशास्त्राला हे त्रिकूट चांगलेच परिचित आहे; आपल्या घरोघरीच्या औषधांच्या डब्यांना मात्र त्याची ओळख नाही.

यातील सर्वांत फसवी गोष्ट अशी, की मूत्रपिंड दुखत नाही. गुडघा आक्रोश करतो. मूत्रपिंड निमूटपणे सोसते. त्याच्या कामाचे मोजमाप म्हणून रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. पण मूत्रपिंडाची निम्म्याच्या आसपास क्षमता गमावल्यानंतरच पुष्कळदा हा आकडा नजरेत भरण्याइतका वाढतो. कृश वृद्ध स्त्रियांत स्नायूच कमी असल्याने बिघाड असूनही तो ‘सर्वसामान्य’ दिसू शकतो. म्हणून वय आणि लिंग लक्षात घेऊन गाळणक्षमतेचा अंदाज काढावा लागतो. प्रयोगशाळेच्या कागदावर आकड्यापुढे खूण नाही म्हणून निश्चिंत होणे, हे ताळेबंद न वाचता कंपनीचे भाग विकत घेण्यासारखे आहे.

पॅकेज कोठे संपते?

आता या प्रश्नाच्या आर्थिक बाजूकडे वळू. आज सांधेरोपणाचा व्यवहार ‘पॅकेज’ या एकाच शब्दाभोवती फिरतो. ठराविक रकमेत शस्त्रक्रिया, कृत्रिम सांधा, चार-पाच दिवसांचा मुक्काम, औषधे आणि थोडीफार फिजिओथेरपी. रुग्ण दवाखान्याच्या पायऱ्या उतरला की पॅकेज संपते. वेदना मात्र संपत नाही; व्यायाम सुरू झाला की ती वाढतेच. गुडघा बदललेल्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे एकाला काही महिन्यांनंतरही कमी-अधिक वेदना राहते, असे निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे. म्हणजे गोळ्यांचा खरा काळ पॅकेज संपल्यावर सुरू होतो आणि नेमक्या त्याच काळात रुग्णावर कोणाचीही नजर नसते. शल्यविशारद टाके पाहतो, गुडघा किती अंशांत वाकतो ते पाहतो. क्रिएटिनिन पाहणे हे त्याच्या कामात धरलेले नसते आणि घराजवळच्या डॉक्टरला दवाखान्यात काय झाले याची पुरती कल्पना नसते.

एक उदाहरण देतो. आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका शिपायाच्या पत्नीचे दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलण्यात आले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी जाताना दवाखान्याने वेदनाशामक लिहून दिले. तीन आठवड्यांनी दुखणे वाढले म्हणून गावातील डॉक्टरांनी आणखी एक गोळी दिली. पाचव्या आठवड्यात बाईंच्या पायांना आणि चेहऱ्याला सूज आली, लघवी कमी झाली, मळमळू लागले. सूज गुडघ्याचीच असेल अशी घरच्यांची समजूत. अखेर तालुक्याच्या गावी एका वैद्याने दोन्ही पाकिटे मागवून पाहिली, तेव्हा दोन वेगळ्या नावांखाली बाई एकच औषध दुप्पट मात्रेत घेत होत्या असे उघड झाले. रक्तदाबाची गोळी चालू होतीच. औषध वेळीच बंद झाल्याने डायलिसिसचा प्रसंग टळला. पण मूत्रपिंडाची गेलेली सारी शक्ती परत आली नाही. या प्रकरणात कोणा एकाला दोषी धरणे अवघड आहे. प्रत्येकाने आपापले काम केले होते; दोन कामांच्या मधली जागा मात्र कोणाचीच नव्हती.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेवर लिहिलेला निबंध आजही आम्ही विद्यार्थ्यांना वाचावयास सांगतो. आरोग्यसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि सेवेचे फळ काय मिळेल याची खात्री उभयतांना नसते, हे त्याचे सार. भाजीबाजारात वांगे किडके निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाळ्यावर जाते. मूत्रपिंड खराब झाले तर ते कशाने झाले, हेच रुग्णाला सहा महिन्यांनी सांगता येत नाही. जेथे परिणामाची नाळ कारणाशी जोडताच येत नाही, तेथे बाजाराची शिक्षा आणि बाजाराचे बक्षीस दोन्ही निकामी ठरतात. पिगू यांनी १९२० मध्ये ज्या बाह्य खर्चाचे विवेचन केले, त्याचे हे अगदी घरगुती रूप आहे: एकाच्या व्यवहाराचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. येथे तो आधी रुग्णाच्या शरीरावर, मग त्याच्या कुटुंबावर आणि सरतेशेवटी सरकारी तिजोरीवर पडतो. कारण त्याच रुग्णाला उद्या डायलिसिस लागले तर २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून त्याची सोय करावी लागते. ती सोय असली तरी आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार-चार तास यंत्राला जोडून घेणे, सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडणे, जिल्ह्याच्या गावाला जाण्या-येण्याचे भाडे, हे सारे योजनेतून पूर्णपणे भरून निघत नाही.

इतिहास काय सांगतो

वेदनाशामकांनी मूत्रपिंडे निकामी होतात ही काही आजची वार्ता नव्हे. फेनासेटिन हे औषध एके काळी जगभर घराघरांत होते. ॲस्पिरिन आणि कॅफीन यांच्या जोडीने त्याची ‘ए.पी.सी.’ गोळी आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही परिचित होती. स्वित्झर्लंडमधील वैद्यांनी १९५३ मध्ये अशा औषधांचा आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा संबंध जगापुढे मांडला. ऑस्ट्रेलियात तर डोकेदुखीच्या पुड्या गृहिणी चहासारख्या रोज घेत आणि तेथे मूत्रपिंड गमावून बसलेल्यांत या पुड्यांच्या बळींचा वाटा मोठा होता. १९७९ मध्ये त्या देशाने अशा मिश्र पुड्यांच्या मुक्त विक्रीवर बंदी घातली. पुढील काळात या विकाराचे प्रमाण ओसरत गेले. यातून घेण्याचा बोध सरळ आहे. रोगाचे कारण बाजारात असेल तर उपायही बाजाराच्या नियमांत शोधावा लागतो. केवळ रुग्णांना उपदेश करून भागत नाही.

आपल्या देशाने हा धडा एकदा गिरविलेला आहे. पण तो माणसांसाठी नव्हे, गिधाडांसाठी. १९९०च्या दशकात जनावरांना डायक्लोफेनॅक देण्याची प्रथा वाढली. अशा मृत जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि ती मरत, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोवर काही जातींची नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे नामशेष झाली होती. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जातात असे दिसल्यावर २०१५ मध्ये कुपीचा आकार तीन मिलिलिटरवर आणला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गिधाडे नाहीशी झाल्याने अस्वच्छता व रोगराई वाढून २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत. एका स्वस्त वेदनाशामकाचा बाह्य खर्च किती दूरवर पोहोचतो, याचे याहून विदारक उदाहरण क्वचितच सापडेल. औषधाच्या कुपीचा आकार ठरविण्याइतकी सूक्ष्म दृष्टी ज्या शासनाला गिधाडांसाठी दाखविता आली, त्याला ती साठीच्या नागरिकासाठी दाखविता येऊ नये, असे मानण्याचे कारण नाही.

कायदा नाही असे मुळीच नव्हे. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या ‘एच’ परिशिष्टात मोडतात. नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीविना त्या विकता येत नाहीत. व्यवहारात मात्र सहा महिन्यांपूर्वीचे रिकामे पाकीट दाखवावे आणि तशीच पट्टी घेऊन यावे, ही रीत खेड्यापासून महानगरापर्यंत रूढ आहे. औषधविक्रेत्यालाच सारा दोष देणे सोपे आहे. परंतु डॉक्टरच्या तपासणीचे शुल्क गोळीच्या किमतीच्या कितीतरी पट असताना गिऱ्हाईकाने दुकानाचा रस्ता धरणे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही अपेक्षित असते.

वेदना खरी आहे

येथे एक आक्षेप उपस्थित होईल आणि तो वाजवी आहे. शस्त्रक्रियेनंतरची वेदना ही चैनीची तक्रार नव्हे. वेदना शमली नाही तर रुग्ण पाय हलवीत नाही. पाय हलला नाही तर नवा गुडघा आखडतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि लाखभर रुपये खर्चून केलेली शस्त्रक्रिया व्यर्थ ठरू लागते. निरोगी मूत्रपिंडाच्या रुग्णाला थोड्या दिवसांसाठी, देखरेखीखाली ही औषधे देणे हा मान्यताप्राप्त उपचार आहे. तेव्हा ‘गोळ्या घेऊ नका’ अशी भीती पसरविणे हा या लेखाचा हेतू नाही. मूत्रपिंड वाचविण्याच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसाला कण्हत ठेवणे हे क्रौर्यच ठरेल.

प्रश्न असा, की वेदना शमविण्याचे दुसरे मार्ग उपलब्ध असताना ते सर्वांपर्यंत का पोहोचत नाहीत? मांडीतील विशिष्ट मज्जातंतूला बधिर करणारे इंजेक्शन, शस्त्रक्रियेच्या वेळीच सांध्याभोवती दिले जाणारे बधिरीकरणाचे औषध, बर्फाचा शेक, ठराविक मात्रेत पॅरासिटामॉल, आणि गरज पडल्यास थोडे दिवस अफूवर्गीय औषध, अशी या उपचारांची उतरंड आहे. मूत्रपिंड आधीच दुबळे असेल तर अफूवर्गातीलही औषध निवडूनच द्यावे लागते. मॉर्फिन आणि ट्रॅमाडॉल यांचे अवशेष शरीरात साचू शकतात. याला कौशल्य लागते, वेळ लागतो. गोळीची पट्टी हातात ठेवायला यांपैकी काहीच लागत नाही. कायद्याचाही यात हात आहे. कायदेशीर अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धास्तीने रुग्णालयांतील मॉर्फिनचा वापर पुढील दशकभरात जवळजवळ आटला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली, तरी लहान गावांतील रुग्णालयांच्या मनातील धास्ती पुरती गेलेली नाही. उत्तम मार्ग अवघड आणि धोक्याचा मार्ग सोपा, अशी रचना आपणच करून ठेवली आहे.

थोडक्या खर्चाचे चार उपाय

केवळ दोषदिग्दर्शन करून थांबणे बरे नव्हे. पहिला उपाय असा, की सांधेरोपणाच्या प्रत्येक पॅकेजमध्ये मूत्रपिंडाच्या तीन तपासण्या अनिवार्य असाव्यात: शस्त्रक्रियेपूर्वी, शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत आणि घरी गेल्यावर दहा ते चौदा दिवसांनी. क्रिएटिनिनच्या एका तपासणीचा खर्च काही शेकड्यांत असतो. तिन्हींचा मिळून तो पॅकेजच्या रकमेत उठूनही दिसणार नाही. वेदनाशामकाने झालेला बिघाड लवकर लक्षात आला तर औषध थांबवून तो बहुधा सुधारता येतो, म्हणूनच या तिसऱ्या तपासणीचे मोल मोठे.

दुसरा उपाय प्रोत्साहनाचा आहे. सरकारी विमा योजनांतून ज्या शस्त्रक्रियांचे पैसे रुग्णालयांना मिळतात, त्या रकमेचा शेवटचा लहानसा हप्ता तिसऱ्या तपासणीचा अहवाल सादर झाल्यावरच द्यावा. पैशाचा धागा जेथवर जातो तेथवर रुग्णालयाचे लक्ष जाते. हा धागा चौदा दिवस पुढे नेला की लक्षही तितके पुढे जाईल. त्यासाठी नवे खाते नको, नवे निरीक्षक नकोत.

तिसरा उपाय कागदाचा. घरी जाताना रुग्णाच्या हाती जे कार्ड देतात ते इंग्रजीत आणि बहुधा दुर्वाच्य अक्षरांत असते. त्यावर मराठीत, ठळक अक्षरांत, चार ओळी असाव्यात: वेदनाशामकाचे मूळ नाव कोणते, ते किती दिवस घ्यायचे, कोणत्या तारखेला बंद करायचे, आणि त्यासोबत कोणती औषधे चालणार नाहीत. उलट्या-जुलाब झाले, लघवी कमी झाली किंवा अंगावर सूज आली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे, ही पाचवी ओळ. औषधाचे मूळ नाव रुग्णाला ठाऊक असते, तर आमच्या शिपायाच्या पत्नीने एकच औषध दोनदा घेतले नसते.

चौथा उपाय जिल्हा रुग्णालयांचा. मज्जातंतू बधिर करण्याचे तंत्र तेथील भूलतज्ज्ञांना शिकविणे आणि अफूवर्गीय औषधांचा परवाना व साठा तेथे खात्रीने असणे, एवढे झाले तरी गोळीवरचा भार कितीतरी हलका होईल. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत, त्यांना तर दुसरा मार्गच उरत नाही.

या सर्वांनी खर्च वाढेल, किमतीवर नियंत्रण असताना रुग्णालयांना तो परवडणार नाही, असा युक्तिवाद होईल. त्याचे उत्तर असे, की खर्च आजही होतोच आहे. फरक इतकाच, की तो रुग्णालयाच्या वहीत न होता रुग्णाच्या रक्तात होतो. एका वहीतून दुसऱ्या वहीत ढकललेल्या खर्चाला काटकसर म्हणता येत नाही. २०१७ मध्ये शासनाने धातूची किंमत ठरविण्याचे धैर्य दाखविले. आता त्या धातूवर चालणाऱ्या माणसाचे शस्त्रक्रियेनंतरचे दोन आठवडे हिशेबात धरावयाचे आहेत. पहिल्या कामाच्या मानाने हे काम लहान आहे, स्वस्त आहे आणि त्याला विरोध करील असा हितसंबंधही मोठा नाही. तरीही ते झाले नाही, तर गुडघा स्वस्त करून आपण माणसाला नेमके काय दिले, या प्रश्नाचे उत्तर शासनाला आणि वैद्यक व्यवसायाला, दोघांनाही द्यावे लागेल.